बुरसलेला ताप

माझा ताप कशामुळे आला, हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

मेहुण्याच्या मते निवृत्तीनंतर शरीर सैल पडतं, म्हणून. मागच्या गल्लीतल्या काकूंच्या मते मी तिन्हीसांजेला हर्सूल तलावाच्या काठानं फिरतो, म्हणून. बहीण सिल्लोडहून आली ती मीठ-मिरच्या घेऊनच. तिनं दृष्ट काढली, मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या, आणि कुणालाच ठसका लागला नाही तेव्हा तिचा चेहरा उजळला. "बघ! किती कडक दृष्ट होती!" मला मात्र अंगात थंडी भरली होती आणि त्या निखाऱ्याजवळून उठवू नये एवढंच वाटत होतं.

माझ्या बायकोचं, सुमनचं, म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच होतं. "तुम्ही शेळ्या आणल्या तवापासून बिनसलंय."

मी हसून सोडून द्यायचो. पुढे हे हसू मला फार महागात पडलं, कारण ती बरोबर निघाली. आजही घरात कुठल्याही विषयावर वाद झाला, अगदी कुकरच्या शिट्ट्यांवर झाला, तरी ती एवढंच म्हणते, "शेळ्यांच्या टायमाला बी ऐकलं नव्हतं," आणि वाद संपतो.

शेळ्या

मी प्रल्हाद काळे. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं आरेखक होतो, म्हणजे कालव्यांचे आणि शेतात पाणी नेणाऱ्या चाऱ्यांचे नकाशे काढायचो. निवृत्त झालो तेव्हा हर्सूलमध्ये आमचं साधं घर आणि मागे थोडी मोकळी जागा होती. तिथं पत्र्याची शेड टाकून मी चार शेळ्या आणल्या. जन्मभर नद्यांच्या रेषा काढल्या, म्हणून नावंही तीच ठेवली: पूर्णा, शिवना, गिरजा आणि खाम. खाम त्या नदीसारखीच काळी होती आणि जिथं जायची तिथं घाण करायची.

गणपतीच्या दिवसांत एका सकाळी गिरजानं गाभ टाकला. दोन पिल्लं, दोन्ही मेलेली. मी एकटाच होतो. लहानपणी गावाकडं आजोबांना पाहिलं होतं, तसं सगळं हातानं केलं. पिल्लं उचलली, वार ओढून काढली, जागा धुतली. हातात मोजे वगैरे काही नाही. नंतर शेडमध्येच बसून चहा प्यायलो. आपल्याला हे जमलं याचा अभिमान वाटत होता.

त्यानंतर महिनाभरात शहरात डेंग्यूची साथ आली आणि माझ्या दाराशी रांग लागली. शेळीच्या दुधानं पेशी वाढतात असं लोक म्हणतात, आणि ते कच्चंच प्यायचं असतं असंही म्हणतात. पूर्णा तेव्हा दुधात होती. मी कुणाकडून पैसे घेतले नाहीत, पण मान भरपूर घेतला. समोरच्या घरातले अझीमभाई, मोटारी रिवाइंड करायचं दुकान चालवणारे, रोज सकाळी स्टीलचा पेला घेऊन यायचे. त्यांची मुलगी शबाना बी.कॉम.ला होती, तिला डेंग्यू झाला होता.

"गरम करू का, साहब?" त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"छे, छे. तापवलं की सत्त्व जातं," मी म्हणालो. "मी स्वतः धारोष्ण पितो."

हे वाक्य मी पंधरा दिवसांत अकरा घरांना ऐकवलं.

दुपारी चारचा पाहुणा

ताप दिवाळीआधी सुरू झाला. मोठा वक्तशीर होता. सकाळी काही नाही. दुपारी चारला थंडी, पाचला ताप, सातला घाम. बनियन पिळून काढावा असा घाम. त्याला ओल्या कडब्यासारखा वास येतो असं सुमन म्हणायची. डॉक्टरांकडं जायचो सकाळी, तेव्हा मी ठणठणीत दिसायचो.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधी टायफॉइडच्या गोळ्या दिल्या, मग मलेरियाच्या. गोळ्यांनी आठवडाभर बरं वाटायचं आणि पाहुणा परत यायचा. कंबर अशी धरली की रिक्षात चढताना पाय हातानं उचलून आत ठेवायचो. पँटच्या पट्ट्याला सुमननं आधी एक भोक पाडलं, मग दुसरं, मग तिसरं. चिडचिड तर इतकी, की एकदा पोह्यांत शेंगदाणे का घातले म्हणून मी ताट सरकवलं. तिनं एक-एक शेंगदाणा वेचून काढला आणि ताट परत पुढं ठेवलं. त्या दिवशीची माझीच मला अजून लाज वाटते.

दोन महिने झाले तेव्हा डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काळे, एकदा मोठ्या सरकारी दवाखान्यात दाखवा. आत कुठं गाठ वगैरे नाही ना, ते बघून टाकू."

घरी येताना रिक्षात, हर्सूल जेलच्या भिंतीजवळ सुमन एकदम म्हणाली, "आन् शेळ्यांचं मी एकटी करणार नाय, सांगून ठेवते." मला कळलं की ती किती घाबरली आहे.

वॉर्ड

वॉर्डात माझी खाट खिडकीजवळ होती, ही पहिली कृपा. दुसरी कृपा म्हणजे शेजारच्या खाटेवरचे बाबूराव, अजिंठ्याकडचे कापूस पिकवणारे. त्यांना कावीळ झाली होती आणि जगात त्यांना एकच दुःख होतं, तिखट बंद झाल्याचं. रोज सकाळी सहाला रक्त काढायला सिस्टर यायच्या, सातला चहा, नऊला डॉक्टरांची फेरी. फेरी जवळ आली की बाबूराव चादर नीट करायचे आणि कुजबुजायचे, "हसू नका साहेब, हसलं की बरं झालं समजून घरी धाडतेत."

"मग चांगलंच की."

"घरी बायको तिखटाचा डबा लपवून बसलीय. इथं निदान आशा तरी हाय."

चौथ्या दिवसापर्यंत माझ्या छातीचा, पोटाचा, कंबरेचा फोटो झाला होता. गाठ सापडली नव्हती, पण कारणही नाही. मला त्या अवस्थेची सगळ्यांत जास्त भीती वाटायची. शत्रू दिसला तर माणूस दोन हात करतो. इथं नुसता दुपारी चारचा भोंगा होता.

पाचव्या दिवशी एक तरुण डॉक्टरीण एकटीच आली. शिकाऊ असावी. तिनं रिपोर्ट पाहिले नाहीत, माझ्या खाटेच्या कडेला टेकली.

"काका, घरी जनावर आहे का?"

"चार शेळ्या आहेत."

"एवढ्यात कुणी गाभडली का?"

दोन महिन्यांत सहा डॉक्टरांनी मला काय खाल्लं, कुठं गेलो, मच्छर चावले का, सगळं विचारलं होतं. हे कुणीच विचारलं नव्हतं.

"गिरजा," मी म्हणालो. "गणपतीत."

"साफ कुणी केलं?"

"मी."

"हातानं?"

"हातानं."

"आणि दूध कसं पिता?"

तेव्हा सुमन पुढं झाली. "तसंच! न तापवता! मी रोज सांगत होते."

डॉक्टरीण हसली. "माझे वडील मेंढरं राखायचे, काकू. आमच्याकडं तीन माणसं असंच अंथरुणाला खिळली होती. म्हणून मी विचारते."

रक्त तपासायला गेलं. तीन दिवसांनी उत्तर आलं. ब्रुसेलोसिस. सुमनला ते उच्चारता येईना. "बुरसेला... बुरसलेला... मंजी बुरा आलेला ताप का?" वॉर्डभर तेच नाव पडलं. बाबूराव सगळ्यांना सांगायचे, "आमच्या साहेबांना बुरसलेला ताप हाय. लई दुर्मिळ."

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "पण मलाच का? माझं काय चुकलं?"

"काका, आजार म्हणजे शिक्षा नाही," ती म्हणाली. "तो जंतू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत निघाला होता. मधे तुमचा हात आला, मग तोंड आलं. त्याला तुमचं नावही माहीत नाही."

सहा आठवडे गोळ्या आणि बरा होणार, असं तिनं सांगितलं. सुमननं तोंडाला पदर लावला आणि मला वाटलं ती रडतेय. ती हसत होती. "म्हणलं नव्हतं मी? शेळ्या!"

मीही हसलो. अर्धं मिनिट. मग मला स्टीलचा पेला आठवला.

अकरा घरं

सुट्टी मिळाल्यावर मी दुसऱ्याच दिवशी काठी टेकत निघालो. सुमन सोबत होती. ज्या दारात मी रुबाबात धारोष्ण दुधाचं कौतुक केलं होतं, त्याच दारात उभं राहून सांगायचं होतं की माझ्या दुधात रोग होता, तुम्ही रक्त तपासून घ्या. कुणी काळजीनं ऐकलं, कुणी चहा दिला. एका घरात म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं, "आम्ही तर ते तापवूनच प्यायलो, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोललो नाही." त्यांना मिठी मारावीशी वाटली.

अझीमभाईंचं घर मी शेवटी ठेवलं होतं. शबाना दाराशीच होती. डेंग्यूतून उठून तीन महिने होत आले तरी तिचे गुडघे दुखत होते, संध्याकाळी कणकण यायची. सगळे त्याला डेंग्यूचा अशक्तपणा म्हणत होते. मी सांगत गेलो तसा अझीमभाईंचा चेहरा बंद होत गेला. ते एकच वाक्य बोलले.

"मी विचारलं होतं साहब, गरम करू का म्हणून."

तिचा रिपोर्ट आला. तोच ताप. बाकी दहाही घरं सुटली. शबानालाही त्याच गोळ्या सुरू झाल्या. अझीमभाई समोरून जाताना मान वर करेनात.

आजारात मला सगळ्यांत जड गेले ते हे आठ दिवस. ताप त्यापुढं काहीच नव्हता.

गिरजा आणि पूर्णा

त्याच आठवड्यात सरकारी पशुवैद्य येऊन चारही शेळ्यांचं रक्त घेऊन गेले. गिरजा आणि पूर्णा, दोघींत रोग निघाला. शिवना आणि खाम मोकळ्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, या दोघी विकायच्या नाहीत, कळपात ठेवायच्या नाहीत, त्यांना संपवून खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावं लागेल.

मेहुणा तिथंच होता. डॉक्टर गेल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "दाजी, बाजारात नेऊन सोडा. तिथं कोण रक्त तपासतंय?"

पुरण्यापेक्षा कुठं तरी जगतील, असा विचार माझ्याही मनात येऊन गेला. सुमननं मात्र हातातली पाटी खाली ठेवली.

"दुसऱ्याच्या घरी ताप पाठवायचा व्हय रे? तुझ्या लेकराला तेच दूध पाजलं तर चालंल?"

मेहुणा चपला घालून निघून गेला.

पशुवैद्यांनी इंजेक्शन दिलं तेव्हा मी पूर्णाच्या कानामागं हात ठेवून उभा होतो, या वेळी मोजे घालून. ती माझ्या खिशात तोंड घालून काही आहे का बघत होती. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

नारंगी

गोळ्या सुरू होऊन काही दिवस झाले होते. सकाळी दार वाजलं. अझीमभाई. आत येऊन खुर्चीच्या टोकावर बसले, चहा नको म्हणाले, सुमन स्वयंपाकघरात गेल्याची खात्री केली.

"साहब, एक प्रायव्हेट बात विचारू?"

"विचारा ना."

"शबाना सकाळपासून रडतेय. आम्हाला सांगत नाय. तिच्या अम्मीला सांगितलं. बोले तो..." त्यांनी आवाज आणखी खाली नेला. "रंग बदललाय. नारंगी. खून तर नाही ना?"

मला आधी कळेना, मग कळलं आणि मी इतका हसलो की कंबर धरावी लागली. आदल्याच आठवड्यात मी स्वतः न्हाणीघरातून "सुमन, मी चाललो!" अशी आरोळी ठोकली होती. तिनं शांतपणे औषधाचा कागद आणून दाखवला होता, त्यावर डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं होतं: लघवी नारंगी होईल, घाबरू नका.

"माझाही तोच रंग आहे, अझीमभाई. गोळीचा रंग आहे तो."

"हौ? सच्ची?"

"कालच माझा पांढरा बनियनही नारंगी झाला घामानं. दाखवू?"

ते हसायला लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग बराच वेळ बोटांनी चष्म्याची काडी सरळ करत बसले.

"दूध मागायला मी आलो होतो साहब," ते म्हणाले. "तुम्ही घरी नव्हतं पाठवलं. आठ दिवस मी हीच बात स्वतःला सांगतोय, लेकिन गुस्सा निघत नव्हता."

"निघाला का आता?"

"थोडा बाकी आहे. चहा पाजा, मग बघतो."

पुढचे पाच आठवडे शबाना आणि माझी शर्यत चालली. सकाळी ती ओट्यावरून ओरडायची, "चाचा, गोळी?" मी इकडून ओरडायचो, "झाली! तुझी?" मळमळ दोघांनाही व्हायची. मी तोंड वाकडं केलं की ती म्हणायची, "चाचा, मला तर परीक्षा पण आहे." दोघांचे शेवटचे रिपोर्ट एकाच दिवशी आले, दोन्ही चांगले. ती त्या परीक्षेत एका विषयात नापास झाली आणि ते खापर तिनं आनंदानं माझ्या शेळीवर फोडलं.

कडूबाई

बरा झाल्यावर पशुवैद्यांनी मला खुलताबादला शेळीपालकांच्या एका शिबिरात बोलायला नेलं. मी बोलका माणूस नाही, म्हणून मोठ्या कागदावर चित्र काढून नेलं: शेळी, वार, हात, तोंड, दुधाचा पेला आणि मधे बाण. कालवा कुठून कुठं जातो ते दाखवावं तसं.

बोलणं संपल्यावर साठीच्या एक बाई पुढं आल्या. कडूबाई. कागदाकडं बराच वेळ बघत म्हणाल्या, "साहेब, ह्यो ताप कंबरंत बी जातो का?"

"माझ्या गेला होता."

"माझा लेक रामा पाच महिने झालं पडून हाय. सांजंला ताप येतो. उठता येत नाय."

"तुमची शेळी गाभडली होती का?"

"दोन गाभडल्या. रामानंच काढलं समदं." त्यांनी ओठ दाबले. "मी समजले करणी हाय. आमच्या जावंनं केली म्हणून."

रामाला घेऊन त्या शहरात आल्या. मी त्यांना वॉर्डात नेलं, त्याच डॉक्टरीणबाईंकडं. तोच ताप निघाला. पाच महिन्यांचा जुना, कंबरेत मुरलेला, म्हणून गोळ्या जास्त दिवस चालणार होत्या. महिनाभरानं कडूबाईंचा फोन आला. रामा शेतापर्यंत चालत जाऊन आला होता. मी म्हणालो, फार छान झालं.

"साहेब, तुम्ही खुलताबादला येता का एकदा? त्यो चित्राचा कागद घिऊन?"

"पुन्हा शिबिर आहे का?"

"नाय. जावंकडं जायाचंय. पाच महिने तिला वाटंल तसं बोलले मी. गल्लीत समद्यांपुढं. लोकं तिच्या हातचं पाणी पीत नव्हते. एकटीनं जायाचं धाडस व्हईना."

सुमन आणि मी गेलो. जावेचं घर त्याच गल्लीत, चार दारं सोडून होतं. कडूबाई उंबऱ्याबाहेरच थांबल्या. जाऊ बाहेर आली, बारीक चणीची, हात पिठानं भरलेले.

"रामा चालतोय आता," कडूबाई म्हणाल्या.

"बघितलं म्या. काल दारावरून गेला."

"मी तुला लई बोलले."

कडूबाईंनी मला कोपरानं पुढं ढकललं. "सांगा साहेब. कशानं आला ताप, ते सांगा."

मी भिंतीवर कागद धरला आणि सांगायला लागलो. गाभडलेली शेळी, वार, रामाचा हात, मग तोंड. आजूबाजूची दारं उघडली, बायका ओट्यावर आल्या, एक म्हातारा खाटेवर उठून बसला. सगळं पाच मिनिटांत सांगून झालं. मी कागद गुंडाळायला घेतला.

जावेनं पिठाचे हात पदराला पुसले, गल्लीकडं एकवार नजर फिरवली आणि पहिल्यांदाच माझ्याशी बोलली.

"साहेब, आजून एकदा सांगा. जरा मोठ्यानं."

मी कागद पुन्हा उलगडला.